एकाच इंजिनाची दोन जन्मगावं: वाफेच्या इंजिनांच्या नोंदी का जुळत नाहीत

'रॉयल स्कॉट' हे ब्रिटनमध्ये आजही जतन केलेलं वाफेचं इंजिन. कागदोपत्री त्याचा नंबर ६१००, बांधणी १९२७ सालची, कारखाना ग्लासगोचा नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह. प्रत्यक्षात हे इंजिन १९३० साली डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडलं, तेव्हा त्यावर ६१५२ हा नंबर आणि 'द किंग्ज ड्रॅगून गार्ड्समन' हे नाव होतं. १९३३ साली लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेला, म्हणजे एलएमएसला, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी 'रॉयल स्कॉट' पाठवायचं होतं. पाठवण्यासाठी निवडलं गेलं ते तीन वर्षांचं ६१५२. दोन्ही इंजिनांची नावं आणि नंबर आपसात बदलले, आणि दौरा संपल्यावर ती अदलाबदल कोणी उलटवली नाही. त्यामुळे आज एखाद्या यादीत या इंजिनापुढे '१९२७, ग्लासगो' दिसतं आणि दुसरीत '१९३०, डर्बी'. दोन्ही यादीकारांनी आपापला कागद बरोबरच वाचलेला असतो.

वाफेच्या इंजिनांच्या जुन्या नोंदी तपासायला बसलं की असे गोंधळ पानापानावर भेटतात. एकाच नंबरची दोन इंजिनं सापडतात, मोडीत निघालेलं इंजिन पुढच्या वर्षीच्या फोटोत धूर सोडताना दिसतं, वर्षाअखेरची बेरीज दोनने चुकते. कारकुनाची डुलकी हे कारण त्यात क्वचितच असतं. बहुतेक वेळा प्रश्न एकच असतो: नोंद ठेवणाऱ्याच्या लेखी 'इंजिन' म्हणजे काय होतं? हिशेब खात्याला ती भांडवली मालमत्ता वाटे, वर्कशॉपला फ्रेम आणि बॉयलरची जोडी, इंजिनं उभी राहतात त्या शेडला सकाळी गाडीला जोडता येणारी वस्तू आणि बांधणाऱ्या कंपनीला ऑर्डरबुकातली एक ओळ. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, असा प्रकार आपल्याकडे जमिनीबाबत सर्रास असतो. इथेही तेच घडतं, आणि सातबाऱ्याप्रमाणेच इथेही गुंता सुटतो तो फेरफार तारखेनिशी लावल्यावर.

पैशाचं खातं आधी समजून घ्या

निम्म्याहून अधिक कोडी हिशेबाच्या पद्धतीतून येतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंजिनांचे हौशी अभ्यासक नेमकं इथेच दुर्लक्ष करतात.

ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या पुस्तकांत इंजिनांची एक ठरलेली भांडवली संख्या असे. संख्येत वाढ करणारं नवं इंजिन भांडवली खात्यातून घ्यायचं, म्हणजे भागधारकांच्या पैशातून. जुन्याच्या जागी नवं बांधलं तर तो 'नूतनीकरणाचा' खर्च, तो चालू उत्पन्नातून करायचा. म्हणून नव्या इंजिनाला जुन्याचा नंबर दिला की हिशेब सोपा होई: मालमत्ता तीच, फक्त नवी केलेली. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने क्रू इथल्या कारखान्यात हे मोठ्या प्रमाणावर केलं, आणि नंबरासोबत नावही पुढे चालवलं. 'हार्डविक' हे ७९० नंबरचं इंजिन मूळ १८७३ चं. १८९२ साली त्याचं 'नूतनीकरण' झालं, म्हणजे त्याच नावानंबराचं नवं इंजिन बांधलं गेलं. रेल्वे कंपन्यांच्या १८९५ च्या ऑगस्टमधल्या वेगाच्या शर्यतीत क्रू ते कार्लाइल हे १४१ मैल १२६ मिनिटांत कापलं ते या दुसऱ्या 'हार्डविक'ने, आणि जतन झालेलंही तेच. त्याच्यापुढे १८७३ लिहिणाराही खतावणीला धरूनच लिहितो.

एलएमएसच्या 'पॅट्रिअट' वर्गातही हीच गोष्ट आहे. या वर्गात, म्हणजे या एका आराखड्याची, एकूण ५२ इंजिनं. पहिली दोन १९३० मध्ये जुन्या 'क्लॉटन' वर्गातल्या इंजिनांपासून खरोखरच घडवली. जुनी चाकं त्यांच्यात ओळखू येत. पुढची ४० कागदावर 'क्लॉटनची पुनर्बांधणी' म्हणून दाखवली, पण जवळपास नवीच होती. शेवटची दहा मात्र राजरोस नवी म्हणून नोंदली. आता 'किती क्लॉटन पुन्हा बांधली' याचं उत्तर एका यादीत दोन, तर दुसरीत ४२ येतं.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने नेमकं उलटं केलं. १९३६ ते १९३९ या काळात ४३०० वर्गातली १०० इंजिनं काढून त्यांची चाकं आणि गतियंत्रणेचे भाग ८० 'ग्रेंज' आणि २० 'मॅनर' इंजिनांत वापरले. इथे लोखंड काही अंशी जुनं, पण नाव, नंबर, वर्ग सगळं नवं. म्हणजे पॅट्रिअटमध्ये कागद जुना आणि धातू नवा, ग्रेंजमध्ये धातू जुना आणि कागद नवा. 'पुनर्बांधणी' हा शब्द यादीत दिसला की आधी तो कोणत्या कंपनीने वापरला आहे ते पाहावं.

शून्य लावलेलं इंजिन

हिशेबाच्या याच पद्धतीतून 'डुप्लिकेट लिस्ट' जन्माला आली. जुन्याच्या जागी नवं इंजिन आलं, नंबरही त्याला दिला. पण जुनं अजून धडधाकट असेल तर? त्याला भंगारात घालणं परवडत नाही आणि खात्यात तर त्याची जागा गेलेली. मग त्याला वेगळ्या यादीत टाकायचं. लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वे अशा इंजिनाच्या नंबराआधी शून्य लावी, काही कंपन्या 'ए' हे अक्षर लावत.

एका इंजिनाचा प्रवास जवळून पाहू. १८७४ साली बेयर पीकॉक कंपनीने मँचेस्टरमध्ये छोटं टाकीवालं इंजिन बांधलं, नंबर २९८. पुढे २९८ हा नंबर नव्या इंजिनासाठी मोकळा करायचा म्हणून हे झालं ०२९८. १९२३ मध्ये सदर्न रेल्वे तयार झाली, तिने ईस्टली कारखान्याच्या ताब्यातल्या इंजिनांना 'ई' लावलं: ई०२९८. १९३१ नंतर अक्षरं आणि शून्यं काढून डुप्लिकेट यादीतल्या नंबरांत ३००० मिळवले: ३२९८. १९४८ साली राष्ट्रीयीकरण झालं आणि ब्रिटिश रेल्वेने नंबर दिला ३०५८७. कॉर्नवॉलमधल्या वेडब्रिजजवळ वेनफर्ड ब्रिजची चिनी मातीची लाइन अतिशय वळणदार होती, मोठी इंजिनं तिथे चालत नसत. म्हणून या जातीची तीन इंजिनं १९६२ च्या डिसेंबरपर्यंत तिथे राबली. हिशेबात केव्हाच 'बदललेलं' इंजिन त्यानंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळ धावलं.

आता हा तपशील संगणकावर भरताना काय होतं पाहा. स्प्रेडशीटमध्ये ०२९८ टाइप केलं की सॉफ्टवेअर सुरुवातीचं शून्य गाळून २९८ करतं. झालं! १८७४ चं इंजिन आणि त्याच्या जागी आलेलं इंजिन एका ओळीत मिसळली, बांधणीची तारीख एकाची आणि मोडीची तारीख दुसऱ्याची. चूक नजरेस पडत नाही, कारण दोन्ही नंबर खरे आहेत. नंबराचा रकाना भरायला घेण्याआधीच त्याचा प्रकार 'मजकूर' ठेवावा. जुन्या छापील याद्या स्कॅन करून अक्षरओळख चालवली असेल तर शून्याचं इंग्रजी 'ओ' अक्षर झालेलं असतं, तेही शोधून काढावं.

नंबर बदलतो तेव्हा

'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन डॉनकास्टरच्या कारखान्यातून फेब्रुवारी १९२३ मध्ये निघालं तेव्हा त्याचा नंबर १४७२ होता आणि त्याला नाव नव्हतं. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे, म्हणजे एलएनईआर, नुकतीच जुन्या कंपन्या एकत्र करून झाली होती आणि सगळ्यांचे नंबर एकमेकांवर आपटत होते. १९२४ पासून त्यांनी सरळ बेरीज केली: नॉर्थ ईस्टर्नची इंजिनं जशीच्या तशी, ग्रेट नॉर्दर्नच्या नंबरांत ३०००, ग्रेट सेंट्रलमध्ये ५०००, ग्रेट ईस्टर्नमध्ये ७०००, नॉर्थ ब्रिटिशमध्ये ९०००. त्यावरून १४७२ चं ४४७२ झालं. ही बेरीज पाठ असली की निम्मं काम तिथेच होतं.

१९४६ मध्ये वर्गवार नवी मांडणी आली, तेव्हा अडचण वाढली. फ्लाइंग स्कॉट्समनला जानेवारीत ५०२ मिळाला, योजना मध्येच बदलली म्हणून मे महिन्यात १०३. डिसेंबर १९४८ मध्ये ६०१०३. म्हणजे तीन वर्षांच्या आत एकाच इंजिनाचे चार नंबर. शिवाय लहान नंबर आधी नॉर्थ ईस्टर्नच्या इंजिनांकडे होते. नव्या योजनेत ते दुसऱ्यांना गेले. त्यामुळे १९४६ मधली एखादी शेडची नोंद वाचताना महिना माहीत नसेल तर नंबरावरून इंजिन ठरवूच नये. नंबर बदलण्याचा आदेश आणि प्रत्यक्ष रंगवणं यांत आठवडे जात, कारण इंजिन वर्कशॉपला किंवा रंगाऱ्यापुढे येईपर्यंत जुनाच आकडा घेऊन फिरे.

ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांवर ओतीव पितळी नंबरप्लेट होत्या, म्हणून राष्ट्रीयीकरणानंतरही त्यांचे नंबर तसेच राहिले. अभ्यासकाला हा मोठा दिलासा. तरी तिथेही फसगत आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये सहाव्या जॉर्ज राजाच्या अंत्ययात्रेच्या गाडीसाठी ४०८२ 'विंडसर कॅसल' हवं होतं आणि ते वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला पडलेलं. तेव्हा १९४८ च्या ७०१३ 'ब्रिस्टल कॅसल'ला त्याच्या प्लेट लावल्या, आणि त्या तशाच राहिल्या. त्या तारखेनंतर ४०८२ म्हणून नोंदलेला प्रत्येक मैल १९४८ च्या इंजिनाचा आहे. १९२४ च्या इंजिनाचं सरासरी मैलेज काढणाऱ्याने इथे थांबायलाच हवं. एलएमएसने १९३९ मध्ये ६२२० 'कॉरोनेशन' आणि ६२२९ 'डचेस ऑफ हॅमिल्टन' यांचीही अमेरिका दौऱ्यासाठी अदलाबदल केली होती. ती १९४३ मध्ये पूर्ववत झाली. म्हणजे अदलाबदल सापडली की ती उलटली का आणि केव्हा, हा पुढचा प्रश्न लगेच विचारायचा.

बॉयलरबद्दल थोडक्यात. मोठ्या दुरुस्तीत फ्रेम लवकर तयार होते, बॉयलरला फार वेळ लागतो. इंजिन अडकून पडू नये म्हणून वर्कशॉप जादा बॉयलर तयार ठेवी आणि दुरुस्त झालेला जो हाती येईल तो चढवी. त्यामुळे बॉयलरवरची तारीख ही इंजिनाची तारीख नव्हे. इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याचं, म्हणजे टेंडरचंही तसंच: टेंडरमागचा आकडा हा बहुधा टेंडरचा स्वतःचा असतो, आणि फोटोत तो इंजिनाचा समजून घेतला जातो.

तारखा कोणत्या, कुणाच्या

एका इंजिनाला किमान चार 'बांधणीच्या' तारखा असू शकतात: ऑर्डरची, कारखान्यातून बाहेर पडल्याची, रेल्वेच्या ताब्यात आल्याची आणि सेवेत दाखल झाल्याची. परदेशी पाठवायचं इंजिन सुटं करून जहाजावर चढे आणि बंदरावरून वर्कशॉपमध्ये येऊन पुन्हा जोडलं जाई. मधे काही महिने सहज जात. बांधणाऱ्याच्या प्लेटवर नोव्हेंबरचं वर्ष आणि भारतातल्या नोंदीत पुढचं वर्ष, हे इतकं नेहमीचं आहे की एका वर्षाचा फरक दिसला तर आधी इथेच शोधावं. काही इंजिनं तर पोचलीच नाहीत. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी तांबड्या समुद्रात बुडालेल्या 'थिसलगॉर्म' जहाजावर इजिप्तसाठी निघालेली ८एफ वर्गातली दोन इंजिनं होती. बांधणाऱ्याच्या यादीत ती आहेत, पण मुक्कामाच्या रेल्वेत त्यांचा एकही दिवस नाही.

मोडीच्या तारखा आणखी सरकतात. इंजिन शेडमध्ये थंड पडलं तो दिवस वेगळा, कागदावर काढलं तो वेगळा, विकलं तो वेगळा आणि गॅस कटर लागला तो त्याहून वेगळा. ब्रिटिश रेल्वे चार आठवड्यांच्या हिशेबी कालखंडानुसार नोंद करी, त्यामुळे शेकडो इंजिनं नेमक्या त्याच काही तारखांना 'मेलेली' दिसतात. आणि 'भंगारात विकलं' याचा अर्थ तुकडे झाले असा घेऊ नये. दक्षिण वेल्समधल्या बॅरी इथल्या वुडहम बंधूंच्या आवारात २९७ इंजिनं भंगार म्हणून गेली, त्यांतली २१३ तिथून सोडवून आणली गेली.

आपल्याकडचा गुंता

भारतात गुंता वेगळ्या कारणांनी वाढतो: प्रशासनं सतत बदलत गेली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला), निजाम स्टेट, सिंदिया स्टेट आणि धोलपूर या रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. त्याच दिवशी बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया), सौराष्ट्र, राजपुताना आणि जयपूर मिळून पश्चिम रेल्वे. प्रत्येकीची आपापली नंबरांची माळ होती. त्यानंतर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अखिल भारतीय क्रमांकन आलं. म्हणून जीआयपीच्या काळातल्या एखाद्या इंजिनाचे तीन नंबर मिळणं स्वाभाविक आहे. बीबीसीआयकडे ब्रॉडगेज आणि मीटरगेज दोन्ही असल्याने गेज लिहिल्याशिवाय तिथला नुसता नंबर निरुपयोगी. माथेरानच्या छोट्या लाइनकडे ओरेनस्टाइन अँड कोपेलची वाफेची अवघी चार इंजिनं होती, पण त्यांच्यावर ७३८ ते ७४१ हे आकडे आहेत. ते या नव्या क्रमांकनातले. बांधणीच्या काळच्या कागदांत ते शोधत बसू नये.

सोलापूरचं उदाहरण फार बोलकं आहे. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे झाली तेव्हा सोलापूर विभाग मध्य रेल्वेतून तिच्याकडे गेला, आणि १९७७ मध्ये मध्य रेल्वेकडे परत आला. शेडमधली इंजिनं जागची हललीही नाहीत. पण विभागवार आकडे मांडणाऱ्याला १९६६ मध्ये मध्य रेल्वेची इंजिनं एकदम घटलेली आणि १९७७ मध्ये वाढलेली दिसतात. १९४७ च्या फाळणीत नॉर्थ वेस्टर्न आणि बंगाल आसाम या रेल्वेंची वाटणी झाली, तिथे तर एकाच वर्गाचा हिशेब दोन देशांत विभागला गेला.

वर्गाची अक्षरंही फसवतात. 'डब्ल्यूएल' हे नाव दोनदा वापरलं गेलं. १९३९ मध्ये व्हल्कन फाउंड्रीने नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी चार डब्ल्यूएल बांधली, ती फाळणीत पाकिस्तानात गेली. १९५५ मध्ये त्याच व्हल्कन फाउंड्रीने भारतीय रेल्वेसाठी दहा डब्ल्यूएल बांधली, आणि १९६६ ते १९६८ दरम्यान चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याने आणखी ९४. नाव आणि कारखाना दोन्ही सारखे असल्याने १४ ही चुकीची बेरीज पटकन तयार होते. 'एसजी' या मालगाडीच्या इंजिनाला पुढे सुपरहीटर (वाफ आणखी तापवणारं उपकरण) बसवला की ते 'एसजीसी' होई, आणि मुळातच सुपरहीटरसह आलेलं 'एसजीएस'. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदवह्यांतून एसजी आणि एसजीसी यांचे आकडे उचलून बेरीज केली तर तेच इंजिन दोनदा मोजलं जातं.

'भारतात बांधलेलं पहिलं इंजिन' हा वादही प्रश्न नीट न मांडल्याचा परिणाम आहे. मीटरगेजचं एफ-७३४ अजमेरला १८९५ मध्ये झालं, ब्रॉडगेजचं 'लेडी कर्झन' जमालपूरला १८९९ मध्ये, आणि चित्तरंजनचं 'देशबंधू' १ नोव्हेंबर १९५० रोजी सेवेत आलं. गेज कोणतं आणि स्वातंत्र्याच्या आधी की नंतर, एवढं लिहिलं तरी वाद मिटतो.

ताळा कसा घालायचा

प्रत्यक्ष काम करताना ओळख म्हणून बांधणारा कारखाना आणि त्याचा वर्क्स नंबर, म्हणजे कारखान्याने दिलेला अनुक्रमांक, ही जोडी धरावी. बाकी सगळं बदलतं. त्या एका इंजिनाखाली नंबर, नाव, वर्ग, मालक, शेड या प्रत्येकाची वेगळी ओळ करावी आणि प्रत्येक ओळीला 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने द्यावेत. तारखेपुढे ती कशाची ते लिहावं: प्लेटची, ताब्याची, सेवेची. स्रोतही तिथेच, म्हणजे नंतर शंका आली तर उगमापर्यंत जाता येतं.

मग वर्षवार बेरीज तपासावी. वर्षारंभीची संख्या, अधिक नवी, अधिक बाहेरून आलेली, उणे मोडीत निघालेली, उणे बाहेर दिलेली, बरोबर वर्षाअखेरची संख्या. समजा १२० ने सुरुवात, १० नवी, ६ मोडीत; उत्तर १२४ हवं आणि अहवालात १२२ आहे. सगळ्यात आधी वर्ष कधी संपतं ते पाहा: भारतीय रेल्वेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला, कारखान्याचं कॅलेंडर वर्ष डिसेंबरला. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत ताब्यात आलेली इंजिनं इथेच लपलेली असतात. ती नसतील तर वर्ग बदललेली पाहा, मग पुनर्बांधणी म्हणून नव्यात न धरलेली, आणि शेवटी भाड्याने किंवा उसनी दिलेली. फरक तरीही उरला तर तो बेरजेत कुठेतरी जिरवू नये. 'न लागलेली २' अशी स्वतंत्र ओळ ठेवावी, कारण पुढच्या वर्षी उलट्या दिशेने तेवढाच फरक आला की दोन्ही एकदम लागतात.

जतन केलेलं इंजिन समोर असेल तर लोखंड वाचावं, पण क्रमाने. कनेक्टिंग रॉड, कपलिंग रॉड, ब्रेकचे भाग यांवर इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो. हे भाग एका इंजिनावरून दुसऱ्यावर जात, त्यामुळे एकाच इंजिनावर तीन-चार वेगळे नंबर सापडतात. रॉडवरच्या ठशांची मतमोजणी करून निकाल लावू नये. फ्रेमवरचा ठसा प्रमाण मानावा. आणि फ्रेमही पुढची जुनी आणि मागची नवी असेल, जसं ग्रेट वेस्टर्नच्या १९०८ च्या 'ग्रेट बेअर'मधून १९२४ मध्ये 'कॅसल' वर्गातलं 'व्हायकाउंट चर्चिल' घडवताना झालं, तर त्या इंजिनासाठी दोन ओळी लिहाव्यात: एक १९०८ ते १९२४, दुसरी १९२४ पासून पुढे, आणि दोन्हींत नंबर तोच, १११.